कुवेतवाल्याचा बाप

धुळीची तोज आली की कुवेतच्या अबू हलीफात आधी समुद्र नाहीसा होतो. मग रस्त्यापलीकडची मशीद, मग समोरचा किराण्याचा बकाला, मग आमच्याच इमारतीखाली लावलेल्या गाड्या. आभाळाला फोडणीत करपलेल्या हळदीचा रंग येतो आणि भर दुपारी घरात दिवे लावावे लागतात. सूनबाई धावत जाऊन दोरीवरचे कपडे ओढून आणते. नातू फोनमधून मान वर न काढता सांगतो, "दादा, इट्स जस्ट डस्ट."

बरोबर आहे त्याचं. धूळच आहे. इराकच्या बाजूनं येते, दोन-चार दिवस मुक्काम करते, जाते. पण माझी जीभ आपोआप दातांवरून फिरायला लागते, कचकच शोधत. आणि हात खिशाकडे जातो, बताका जागेवर आहे ना बघायला. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. आता मला कोण हाकलणार आहे? मुलगा इंजिनिअर आहे, घर त्याच्या नावावर भाड्यानं आहे, मी त्याचा बाप म्हणून इथं राहतो. तरी हात जातो. सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला सगळंच उसनं आणल्यासारखं वाटत राहतं. खुर्ची, पंख्याचा वारा, ताटातला पापलेटचा तुकडा. कुणीतरी आत्ता येईल आणि म्हणेल, ऊठ, ही तुझी जागा नव्हे.

म्हणून आधीच सांगून टाकतो की ही तक्रार नाही. या वाळूनं मला जेवू घातलं, माझ्या बहिणीला सोन्यानं मढवलं, गावच्या घरावर कौलं चढवली. तिचे माझ्यावर उपकार आहेत. पण उपकार करणाऱ्यानं हात कुठंकुठं ठेवला, हे अंगाला आठवतंच ना.

मी सांगतोय तो उन्हाळा कुवेतात रुपया जाऊन दिनार आला त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी विशीच्या आतबाहेर होतो. अहमदीच्या तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात हेल्पर, आणि राहायला खाली फहाहीलला, मातीच्या छपराच्या खोलीत. वर्कशॉपाला पत्र्याचं छत आणि तीन भिंती. चौथी बाजू वाळवंटाला उघडी. सकाळीच पाने आणि हातोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायच्या, नाहीतर दुपारी हातात धरवत नसत. घाम दिसायचा नाही. बाहेर यायच्या आत वाळायचा आणि शर्टावर पांढरे नकाशे उमटायचे. मुकादम मिठाच्या गोळ्या वाटायचा, त्या चण्यासारख्या खायच्या.

त्या साली तोज मार्चच्या अखेरीला सुरू झाली ती जुलैपर्यंत धड थांबलीच नाही. रोटीत वाळू, डाळीत वाळू, सकाळी उठलं की उशीवर डोक्याच्या आकाराची स्वच्छ जागा आणि भोवती वाळू. एका दुपारी आमच्यातला एक पंजाबी वेल्डर काम करता करता गुडघ्यांवर बसला आणि बसल्या बसल्याच कलंडला. त्याला ट्रकच्या सावलीत नेलं, मग ट्रकमध्ये घालून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेवर दुसऱ्याची वळकटी होती. त्याचं पुढं काय झालं, कुणी सांगितलं नाही. विचारलं तर विचारणाऱ्याचं तोंड साहेबांच्या लक्षात राहतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

मॅक आमचा फोरमन. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही पहिलाच तुकडा वापरायचो. तो स्कॉटलंडचा. इंग्रज म्हटलेलं त्याला खपत नसे. माझ्या खोलीतला इब्राहिम एकदा चुकून त्याला 'इंग्लिश साहब' म्हणाला, तर मॅकनं त्याला दुपारभर उन्हात पाइप मोजायला लावले आणि मोजून झाल्यावर म्हणाला, "अब उधर से." कुवेतला येण्याआधी तो कलकत्त्याकडे तागाच्या गिरणीत होता, त्यामुळे हिंदी बोलायचा, आणि शिव्या तर आमच्यापेक्षा चांगल्या द्यायचा.

मी लागलो त्या आठवड्यात त्यानं माझ्या हातात लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा आणि कानस दिली. "सीधा करो." मी घासत बसलो. बोटांची सालं निघाली. ठोकळा आरशासारखा झाला तेव्हा त्यानं तो उजेडात धरला, कडेला पट्टी लावून पाहिली, "अच्छा" म्हणाला आणि भंगारात फेकून दिला. "दूसरा लो."

दुसरा घासत असताना तो मागं येऊन उभा राहिला. आता काय चुकलं म्हणून मी कानस थांबवली. वळून पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले.

"रुको मत," तो म्हणाला. "तुम गाना के माफिक घिसता है. किसने सिखाया?"

"बापने, साहब."

"बाप फिटर है?"

"नहीं साहब. लकडी चीरता है. और दफ बजाता है."

बावा, माझा बाप, करवत ओढायचा. आमचं गाव रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या काठी, आणि खाडीपलीकडं झाडी. तिथं जमिनीत पुरुषभर खड्डा, खड्ड्यावर लाकडाची घोडी, घोडीवर ओंडका. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये माणसाहून लांब करवत. बावा कायम खालचा. वरच्याच्या वाट्याला ऊन, खालच्याच्या वाट्याला भुसा. संध्याकाळी होडीतून उतरायचा तेव्हा पापण्यांवर, कानात, छातीच्या केसांत भुसा. फणस चिरला असेल तर माणूस हळदीत लोळल्यासारखा पिवळा. सागाच्या दिवशी अंगाला तेलकट वास, ऐनाच्या दिवशी करड्या रंगाचा, एका दिवसात म्हातारा झालेला. आई दारातूनच सांगायची, "आज ऐन हाय. पाणी जास्त तापवा."

खड्ड्यातून बावा गुणगुणायचा आणि वरचा त्या तालावर करवत ओढायचा. ताल चुकला की पातं पिळतं, अडकतं, लाकूड फुकट जातं. आजूबाजूच्या गावांत बावाबरोबर वर उभं राहायला माणसं तयार असायची. त्याच्याबरोबर दिवस लवकर संपतो म्हणायची.

आणि लग्नसराईत हाच माणूस धुतलेली लुंगी नेसून वरातीच्या पुढं. नवऱ्याची होडी काठाला लागायच्या आधी नारळाच्या सोडणांची आग करायची, तिच्यावर दफ शेकायचा. शेकलेल्या कातड्याचा वास आणि नवऱ्याच्या अत्तराचा वास एकमेकांत मिसळला की मला आजही भूक लागते. लोक म्हणायचे, बावाची पहिली थाप पडली की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची थांबतात. कुत्र्यांचं मी काही बघितलं नाही. पण पलीकडच्या घरांची दारं उघडताना, बायका हात पुसत बाहेर येताना मी बघितल्या आहेत. गाण्याचे शब्द वाडवडलांपासून आलेले, अर्धे अरबी, अर्धे आमचे. अर्थ विचारला तर बावा म्हणायचा, "मना काय म्हायती? हात सांगतो तसा तोंड बोलतं."

मग मी कुवेतला आलो. शेजारच्या गावचे कासमचाचा इथं कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, त्यांनी मला आणलं. त्यांचेही उपकार. मी पैसे पाठवायला लागलो, घरावर कौलं आली, आणि गावात बावाचं नाव बदललं. कुणी त्याला नावानं हाक मारीना. 'कुवेतवाल्याचा बाप' म्हणायला लागले.

परवा इथं घरातला नळ गळत होता. मी पाना काढला, तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला? बिल्डिंगच्या हारिसला बोलावतो, त्याचं कामच आहे ते. तुम्ही बसा." प्रेमानं म्हणाला. मी बसलो.

इब्राहिम सुट्टीवरून परतला तो त्या सालच्या तोजच्या सुरुवातीला. शुक्रवारची दुपार होती, आम्ही खोलीत. डोळे लाल, मिशीत वाळू, हातात त्याच्या आईनं दिलेल्या सोड्यांचा पुडा. दारातूनच ओरडला, "मुबारक! तुझ्या जैबूचा जमला!"

जैबू माझी धाकटी बहीण. मी उठून उभाच राहिलो. "कुठं?"

"सारंगाच्या घरात. त्याचा धाकटा पोरगा. दुमजली घर, विहिरीवर पंप. आन् काय पायजे?"

कासमचाचा स्टोव्हवर कालवण ढवळत होते. त्यांचा डाव थांबला. "सारंग? आयुष्यभर बोटीवर खलाशांचा सारंग होता म्हणून शहरातल्यासारखा बोलतो तोच ना? तो करवतवाल्याची पोरगी करतो?"

"करवतवाल्याची नाय, चाचा. कुवेतवाल्याची भैन."

सगळे हसले. मग इब्राहिमनं बाकीचं सांगितलं. सारंगानं देण्याघेण्याचं काहीच बोलणं केलं नव्हतं. एकच अट घातली होती. आपल्या व्याह्यानं लोकांच्या दारात दफ वाजवायचा नाही आणि खड्ड्यात उतरायचं नाही. चारचौघांत बरं दिसत नाही. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही मोठेबावा म्हणायचो, त्यांनी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं.

"आन् बावा काय बोलला?" मी विचारलं.

"काय बोलंल? चहा प्यायला."

"नशीब बघा," कासमचाचा म्हणाले. "पोरगा हय मिठाच्या गोळ्या खातो आन् बाप थय खुर्चीवर बसून चहा पितो. आता एक माणूस ठेव बापाचे पाय चेपायला, शेठ."

मलाही बरं वाटलं. खड्ड्यातला माणूस वर आला, याचं वाईट कुणाला वाटेल? दुसऱ्या दिवशी तोज एवढी दाट झाली की काम थांबवावं लागलं. मॅक भिंतीला टेकून, तोंडावर ओला टॉवेल टाकून बसला होता. बापाबद्दल त्यानं एकदा आपणहून विचारलं होतं, म्हणून मला वाटलं, हेही सांगावं.

"साहब, मेरा बाप अब काम नहीं करता. घर में आराम."

टॉवेलखालून आवाज आला. "और वो ढोल?"

"वो भी बंद. इज्जत का बात है, साहब. बहन का शादी है."

मॅकनं टॉवेल काढला. त्याच्या तांबड्या चेहऱ्यावर वाळूचा थर होता आणि टॉवेलचं पाणी त्यातून ओघळत होतं. "तो मर गया," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला मी बोललो ते कळलं नाही. "नहीं साहब, जिंदा है."

"सांस लेता है. मेरा भी एक साल सांस लिया."

मग त्यानं त्याच्या बापाचं सांगितलं. मला सांगत होता की बाहेरच्या पिवळ्या अंधाराला, कुणास ठाऊक. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतावरचा गडी. सहा-सहा महिन्यांच्या बोलीनं राहायचा, बोली संपली की आपली पेटी गाडीवर टाकून पुढच्या शेतावर. घोड्यांचा नांगर. हिवाळ्यात बर्फानं घट्ट झालेल्या जमिनीतून सलगम उपटायचे, बोटं फुटायची, रक्त यायचं, त्यावर मेंढीची चरबी लावायची आणि पुन्हा उपटायचे. आणि शनिवारी संध्याकाळी गवताच्या कोठारात तीच बोटं सारंगीवर. आपल्या सारंगीसारखं नव्हे, हनुवटीखाली धरतात ते. म्हातारा वाजवायला लागला की गडी-मोलकरणी अशा नाचायच्या की जमिनीतून भुशाचा ढग उठायचा. मालकसुद्धा दारात येऊन उभा राहायचा.

मॅक कलकत्त्याला कमावता झाला. त्यानं बापाला शहरात घर घेऊन दिलं. गालिचा, नळाला गरम पाणी, शेगडी. खालच्या मजल्यावर एक विधवा बाई राहायची. म्हाताऱ्यानं पहिल्या शनिवारी सारंगी काढली, तर तिनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

"बूढा डर गया," मॅक म्हणाला. "घोडे से नहीं डरता था, मालिक से नहीं डरता था. झाडू से डर गया. सारंगी खाट के नीचे रख दिया. हम छुट्टी पे गया तो बोला, बाप, अच्छा किया, अब तुम जेंटलमन है. वो खिडकी में बैठा, ट्राम देखता. साल के अंदर खतम. डॉक्टर बोला, निमोनिया." तो हसला. त्याचं हसणं बघून मी मागं सरकलो. "पूरा जिंदगी बर्फ में कुछ नहीं हुआ. आग के सामने निमोनिया."

नंतर तो दातांतून शीळ घालत बसला, एकच चाल पुन्हा पुन्हा. मध्येच वाळूनं घसा धरायचा, खोकायचा, आणि तुटली होती तिथूनच पुन्हा धरायचा. तोज जरा विरळ झाली तशी उठला आणि सगळ्यांवर ओरडला, "क्या बैठा है? बाप का घर है?"

दिवसभर मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. माझ्या बापाला मेलेला म्हणणारा हा कोण? पण कानस लोखंडावर फिरायला लागली की हाताला ताल आठवायचा. तालाबरोबर खड्डा आठवायचा आणि खड्ड्यात कुणी नसायचं. खुर्चीवर बसलेला बावा मला डोळ्यांपुढं आणताच येत नव्हता. त्याला खुर्चीवर मी कधी बघितलंच नव्हतं.

जैबूचं लग्न पावसाच्या आधी ठरलं. मला रजा मिळणार नव्हती. कासमचाचा जाणार होते. ते ट्रंकेला दोरी बांधत होते तेव्हा मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "चाचा, बावाला माझा निरोप सांगा. दफ सोडू नको म्हणावं."

त्यांनी दोरी ओढली. "आन् सारंगानं पोरगी परत पाठवली म्हंजे? हय आणून ठेवशील? मॅकसायेबाच्या वर्कशॉपात?"

"लग्न झाल्यावर तरी. गुपचूप."

"गुपचूप?" त्यांनी गाठ सोडली आणि माझ्याकडं बघत राहिले. "दफ गुपचूप वाजतो काय रे गधड्या? पेटी असती तर दार लावून वाजवली असती. दफ वाजला म्हंजे खाडीपलीकडं कळतं. ताच्यासाठीच तर वाजवतात."

बरोबर होतं त्यांचं. एका बाजूला जैबूचा संसार, दुसऱ्या बाजूला बावाचा हात, आणि दोन्ही माझ्याच पगारावर उभे. मी त्या उन्हात उभा राहून कुणावर रागवावं ते शोधत होतो आणि माणूस सापडत नव्हता. मोठेबावांनी पुतणीचं भलं पाहिलं. सारंग तरी काय, उभं आयुष्य गोऱ्यांच्या बोटीचं डेक धुतलेला माणूस. म्हातारपणी त्याला पांढऱ्या कपड्यांतला व्याही हवा होता, एवढंच. एखादा तरी दुष्ट निघाला असता तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला तोंड मिळालं असतं.

कासमचाचा जुलैत परतले. लग्नाचं गोड आणलं होतं, ते सगळ्यांनी वाळूसकट खाल्लं. मी खाटेवर बसून डाळ निवडत होतो.

"अरे, तुझा बाप!" चाचा म्हणाले. "हसून हसून पोट दुखला आमचा."

मी मान वर केली.

"तू पाठवलेला कोट घालून बसलेला. लोकरीचा. वैशाखातल्या उन्हात! घामानं निथळतोय, पण काढील तर शपथ. सारंगानं वरातीला पलीकडची दोन पोरं आणलेली दफ वाजवायला. एक धावतोय, एक मागं राहतोय. तुझा बाप खुर्चीवर. ताची बोटं बघ, मांडीवर चाललीत. टकटक, टकटक. पोरांना ताल दाखवतोय जसा. तर नवऱ्याचा मामा मोठ्यानं बोलतो, 'व्याही, हात आवरा, वरात तुमच्या मांडीवर अडकलीय!' सगळा मांडव हसला."

"मग?" इब्राहिम म्हणाला.

"मग काय, हा पन हसला. आन् दोन्ही हात मांडीखाली घालून वर बसला. असा. निकाह होईपर्यंत तसाच. शरबत आणला तर पोराला बोलतो, तोंडाला लाव. अरे हात काढ ना, बाबा! नाय काढला."

खोली हसण्यानं भरली. इब्राहिमनं लगेच खाटेवर हात मांडीखाली घालून बावा करून दाखवला, तोंड पुढं करून, "शरबत! शरबत!" कुणीतरी त्याच्या तोंडाला तांब्या लावला, पाणी छातीवर सांडलं, पुन्हा हशा. मीही हसलो असणार. अशा खोलीत न हसणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात येतो. पुढचे कितीतरी दिवस कुणी पाणी मागितलं की खोलीत कोणी ना कोणी हात मांडीखाली घालायचं.

मॅकला मी एवढंच सांगितलं, "शादी हो गया, साहब."

"बजाया?"

"नहीं."

तो लेथकडं वळला. आठवड्यानं मुकादमानं येऊन सांगितलं की थंडीत तुझी रजा मंजूर आहे. माझी पाळी नव्हती. माझ्या आधी चार-पाच जण होते, आणि त्यांनी मला त्याबद्दल नंतर पुष्कळ ऐकवलं. मॅकपुढं जाऊन मी हात जोडले तर त्यानं कानस माझ्या अंगावर फेकली. "जाओ. सुनके आओ."

मी गेलो आणि आलो. परतलो त्या सकाळी हवा थंड, आभाळ स्वच्छ, अहमदीच्या टेकडीवरून समुद्र दिसत होता. मॅक लेथवर वाकलेला. न वळता त्यानं विचारलं, "बजाया?"

"बजाया, साहब."

"कैसा?"

"पहले जैसा."

त्यानं मान हलवली. दिवसभर शीळ घालत होता, आणि दिवसभरात एकाही माणसाला त्यानं शिवी दिली नाही.

त्या रजेत गावी घरी पोचलो तेव्हा बावा खरंच खुर्चीवर होता. पांढरा शुभ्र सदरा, पोट थोडं सुटलेलं, पायात चपला. येणारीजाणारी पोरं सलाम करत होती आणि तो मान हलवत होता. जैबू भेटायला आली, अंगावर सोनं, चेहऱ्यावर तेज, दर दोन वाक्यांमागं "आमच्याकडं पंप हाय". ती सुखात होती. मी दफाचं नाव काढलं तर बावानं ओठांवर बोट ठेवलं. "गप. पोरीच्या सासरचे ऐकतील."

मग मी एक दिवस म्हटलं, बावा, पलीकडं एक साग बघायचाय, दरवाजासाठी. चल, तुझी नजर पाहिजे. होडीनं गेलो. वरातीतल्या त्या दोन पोरांकडून एक दफ मागून आणून मी आधीच झाडीत ठेवला होता. करवतीचा खड्डा पानांनी भरला होता, घोडीला वाळवी लागली होती. माणूसकाणूस नव्हतं. मी दफावरचं फडकं बाजूला केलं आणि दफ त्याच्यापुढं धरला.

बावानं चारी बाजूंना पाहिलं. मग पालापाचोळा गोळा केला, काडी लावली, दफ शेकला. कातडं गालाला लावून पाहिलं. सदऱ्याची बाही वर केली. पहिली थाप पडली आणि झाडीतले पक्षी एकदम उठले. दुसरी पडली. तिसरी पडली.

चौथी आली नाही. बावा हाताकडं बघत होता.

"लागतं रे," तो म्हणाला.

तळवा लाल झाला होता, बोटांच्या मुळाशी फुगत होता. करवतीच्या मुठीनं वर्षानुवर्षं जे कातडं त्या हातावर बसवलं होतं, ज्याच्यामुळं थाप खाडी ओलांडायची, ते सगळं खुर्चीवर बसल्या बसल्या झडून गेलं होतं. खाली नवं निघालं होतं, गुलाबी, पातळ. मी वाट बघत होतो की आता हा रडेल, किंवा मला शिवी देईल. दोन्हीची माझी तयारी होती.

बावानं हात उन्हात धरला, इकडून तिकडून फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "बघ," तो म्हणाला. "सायबाचा हात झालाय. तुझ्या कुवेतनं केला." दफ त्यानं सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडं दिला. "पोरांचा देऊन टाक. आन् साग कंय हाय?"

साग नव्हताच. परत निघालो तर होडीवाला म्हणाला, "काय चाचा, लय दिवसांनी हय?"

"हात बघ," बावानं तळवा त्याच्यापुढं केला. "माजा हात बघ."

होडीवाल्यानं एक वल्हं सोडलं, आपला हात लुंगीला पुसला आणि दोन बोटांनी बावाचा तळवा दाबून पाहिला. जिथं फुगला होता, नेमका तिथंच. बावा हलला नाही.

"लोणी हाय, चाचा," होडीवाला म्हणाला. "पोरगा कुवेतला पायजे."

"पायजेच," बावा म्हणाला, आणि काठ येईपर्यंत हात तसाच पुढं धरून बसला.